दूध झाकुनी ठेवत जा

३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी हिला बोलणं जवळजवळ बंदच करायला सांगितलंय. जो काही आवाज शिल्लक आहे तो रेकॉर्डिंगपुरता राखून ठेवा म्हणाल्या. आता मी भांडायचं कोणाशी? लग्न झाल्यापासून मनात काही ठेवून मी कधी झोपलो नाही, सगळं हिच्या कानावर घालूनच झोपलो. म्हणून ही डायरी.

एकदाचं लिहूनच टाकतो. हिच्या स्वरयंत्रात गाठ आहे, आणि ती साधी नाही. स्वरयंत्र काढावं लागणार. बाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, पेनाने एक गोल केला आणि म्हणाल्या, "श्वासासाठी इथे छिद्र राहील." मी विचारलं, "आणि गाणं?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. हीच हसून म्हणाली, "डॉक्टर, हे गीतकार आहेत. यांना प्रत्येक गोष्टीला दुसरा अंतरा लागतो."

चोवीस तारखेला ऑपरेशन. त्याआधी एकोणीसला आमचा नेहमीचा स्टुडिओ मिळालाय. एक शेवटचं गाणं करायचं ठरलं. चाल तिची, आवाज तिचा, शब्द माझे. आजवरची सगळी गाणी आम्ही अशीच केली. फक्त 'शेवटचं' हा शब्द मी लिहिला, तिने तो उच्चारला नाही.

५ मार्च

हिने चाल दिली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, माझ्या फोनवर, अर्ध्या आवाजात.

आमच्या धंद्यात चाल आधी येते आणि शब्द मागून. चालीचं माप कळावं म्हणून गाणारा तोंडाला येईल ते बडबडतो. त्याला आम्ही डमी म्हणतो. कोणी 'ला ला ला' करतं, कोणी पाढे म्हणतं. आमच्या हिची डमी कायम ओट्यावरची असते. आमचं जे गाणं लग्नसमारंभांत अजून वाजतं, डोळे मिटून लोक ज्यावर डोलतात, त्याची डमी होती 'बटाटे उकडले का, बटाटे उकडले'. ती एकदा चुकून निर्मात्याच्या हाती पडली आणि वर्षभर मला सगळे 'काय बटाटे?' म्हणून हाक मारायचे. तेव्हापासून माझा नियम आहे: खरे शब्द बसले की डमी पुसायची. घरची पुसायची, स्टुडिओतली पुसायची.

आजची डमी माप कळावं म्हणून उतरवून ठेवतो:

किल्ली कुंडीखाली आहे, दूध झाकुनी ठेवत जा
साखर वरच्या खणात आहे, स्टूल घेउनी काढत जा

आणि अंतरा:

गॅस नीट तू बंद करावा, वळून मागे पाहत जा
निळ्या शर्टाचे बटण तुटले, दुसरा सदरा घालत जा
एकच कप तो चहा करावा, पाणी मोजुन टाकत जा

आता यात साखर वरच्या खणात कुठून आली? आमची साखर ओट्यावर असते. आणि 'एकच कप'? चहा आम्ही दोघं पितो. 'तो' हा शब्द तर नुसता भरतीचा. पण चाल! शेवटच्या 'जा'वर ती सूर असा सोडून देते की अंगावर काटा येतो. या चालीला तोलामोलाचे शब्द हवेत.

मेहुणी हिच्या सोबतीला राहायला आली आहे. ती शाळेत शिकवते, त्यामुळे घरात सगळ्यांना विद्यार्थीच समजते. डमी चालू असताना ती भांडी घासत होती. गाणं संपून बराच वेळ झाला तरी एकच पातेलं घासत राहिली. मी म्हटलं, "अगं, भोक पडेल त्याला." तिने पातेलं उलटं करून पुन्हा घासायला घेतलं. स्वच्छतेचं वेड आहे या घराण्याला.

८ मार्च

एक ओळ सुचत नाही. एकसुद्धा नाही.

सकाळी माझी जुनी गाणी काढून बसलो, कुठे धागा मिळतो का बघायला. वाचता वाचता लाज वाटायला लागली. माझ्या गाण्यांत काळ म्हणजे घरगडी आहे. थांब म्हटलं की थांबतो, मागे जा म्हटलं की मागे जातो. प्रेयसीला मी चंद्र दिलाय, चांदण्या दिल्यात, आणि उद्या तर इतके दिलेत की मोजदाद नाही. 'उद्या भेटू', 'उद्याच्या वाटेवर', 'उद्या नसला तरी तू अस'. हा शेवटचा तर मला फार खोल वाटला होता. उद्या नसला तर म्हणे! तेव्हा मला उद्या नसणं म्हणजे काय हे कुठे ठाऊक होतं? पंचविशीतला मुलगा, दोन वेळचं गिळून, पंख्याखाली बसून लिहीत होता.

लोकांना मात्र ते खरं वाटायचं, कारण ही गायची. मी फुकाचं दिलेलं वचन ही अशी गायची की ते पाळलं जाणार असं वाटावं. सगळी उधारी तिच्या गळ्यावर चालली होती, आणि आता तो गळाच

नको. उगाच लिहितोय.

घरात एक वस्तू जागेवर सापडत नाही. साखर खरोखरच वरच्या खणात गेली आहे. मी झाकण उघडं टाकतो आणि मुंग्या लागतात, असं मेहुणीने सांगितलं. ही दिवसभर काही ना काही हलवत असते. म्हटलं, "स्वस्थ बस जरा." तिने मान हलवली आणि माझे मोजे दुसऱ्या कप्प्यात ठेवले.

१० मार्च

तारीख अलीकडे आली. डॉक्टरीणबाईंचा फोन होता. गाठ वाढते आहे, थांबण्यात अर्थ नाही, सोळालाच घेऊ. म्हणजे स्टुडिओ तेराला.

मी फोनवर अक्षरशः हातापाया पडलो. म्हटलं, चार दिवस द्या, शब्द झालेले नाहीत. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना मी कशाबद्दल बोलते आहे?"

कळतंय. न कळायला काय झालं? पण मला दुसरं काही येत नाही, बाई. मला हिची गाठ काढता येत नाही. मला गाता येत नाही, मी गायलो तर शेजारचं कुत्रं उठून जातं. मला फक्त शब्द लावता येतात आणि ऐन वेळी तेही पळून गेलेत. ही आवाज राखून बसली आहे, चमचाभर उरलेल्या तेलासारखा. आणि मी तिला वातच देऊ शकत नाही.

१२ मार्च

झालं. लिहिलं.

येतिल जितके उद्या तितके तुझ्याच नावे करीन मी
काळ उभा हा दारी माझ्या, त्याला मागे धाडिन मी

चांगलं आहे. वजनात चोख बसतं. दुपारी हिला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, माझ्या केसांतून हात फिरवला आणि खुणेने विचारलं, जेवलास का?

म्हटलं, "शब्द कसे आहेत ते सांग."

तिने पुन्हा तेच विचारलं.

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ताईने केलेलेच शब्द का नाही ठेवत?" मी हसलो. म्हटलं, "ती डमी आहे गं. तुला नाही कळायचं ते." मग फोनमधली डमी पुसून टाकली, नियमाप्रमाणे. आता मन खऱ्या शब्दांकडे लागलं पाहिजे.

१३ मार्च

स्टुडिओतून आलो. ही झोपली आहे.

रेकॉर्डिस्टला आम्ही गमतीने खुंटी म्हणतो, कारण तानपुऱ्याच्या खुंट्या पिळाव्यात तसा त्याचा हात सतत कुठल्या ना कुठल्या बटणावर. आमची सगळी गाणी त्यानेच केली. त्याने हिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ही बसली नाही, उभ्यानेच गाणार म्हणाली.

आवाजाची पातळी बघायला त्याने एक फेरी मागितली. तिने डमीच म्हटली. सगळी, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. काचेपलीकडून माझ्याकडे बघत. खरंच सांगतो, आवाज स्वच्छ लागला होता, महिन्यांनी असा लागला. मी मनात म्हणत होतो, बाई गं, वाया घालवू नकोस, खर्च करू नकोस किल्ली-कुंडीवर. खुंटी बटणं सोडून नुसता बसून ऐकत होता. मी त्याला कोपराने ढोसलं.

मग माझे शब्द. 'येतिल जितके उद्या' इथवर आली आणि थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच थांबली. मी आत गेलो.

"काय झालं?"

"कविराज," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हे कुणासाठी लिहिलंयस?"

"तुझ्यासाठी. आणखी कोणासाठी?"

"मग मला का म्हणता येत नाही?"

मी चिडलो. असल्या दिवशी मी तिच्यावर चिडलो, हे इथे लिहून ठेवतो. म्हटलं, "अगं, आयुष्यभर म्हटलीस, आज एकदा म्हण की." ती "बरं" म्हणाली आणि गायली. दुसऱ्या अंतऱ्यात आवाज फाटला. शेवटची ओळ खोकण्यात गेली. त्यानंतर सूर म्हणून काही निघेचना, नुसता वारा.

खुंटी बाहेर आला. "पहिली फेरी आहे ना आपल्याकडे," म्हणाला.

"डमी आहे ती. पुसून टाक."

"पुसू?"

"कधी ठेवली आहे का आपण?"

त्याने हिच्याकडे पाहिलं. तिने काय केलं ते मी पाहिलं नाही, मी तिचा स्वेटर शोधत होतो.

पार्किंगमध्ये तिने माझ्या शर्टाला हात लावला, पोटाजवळ. मला वाटलं, तोल गेला तिचा. मी धरलं.

१६ मार्च

आत नेलं. दार लागलं. मेहुणी आणि मी बाकावर. समोर एक भलंमोठं घड्याळ. ज्याने काळावर इतकी गाणी लिहिली त्याच्यासमोरच लावायचं होतं का ते?

दार लागायच्या आधी ही काहीतरी म्हणाली. स्ट्रेचरची चाकं वाजत होती. "काय?" म्हणून मी वाकलो. तिने पुन्हा म्हटलं. "दूध." एवढंच. मी म्हटलं, "हो, हो, बघतो." तिचा शेवटचा शब्द. लोकांना काय सांगू मी? एवढी मोठी गायिका, शेवटचा शब्द दूध.

संध्याकाळी बाई बाहेर आल्या. स्वरयंत्र काढलं. बाजूच्या गाठीही काढल्या, त्या तपासायला गेल्यात. "आत्ता काही सांगता येणार नाही," म्हणाल्या. कधी येईल, विचारलं तर म्हणाल्या, रिपोर्ट आल्यावर.

१९ मार्च

तिला नळ्या लावल्या आहेत. ती डोळ्यांनी बोलते आणि मला डोळे वाचता येत नाहीत. मेहुणीला येतात. तिने एक पाटी आणून दिली पण हिच्या हातात अजून खडू धरवत नाही.

घरी येऊन खुंटीने पाठवलेलं गाणं लावलं. माझे शब्द. ऐकवत नाही. फाटलेल्या आवाजापेक्षा मला माझ्याच शब्दांची शिसारी आली. 'त्याला मागे धाडिन मी'. कोण तू? कुठला कोण? तुला साधी रिक्षा हात करून थांबवता येत नाही, आणि तू काळाला मागे धाडणार?

मेहुणीने बंद करायला लावलं. ओरडलीच. "भाऊजी, हे माझ्या ताईचं नाही. हे सगळं तुमचं आहे." मग स्वयंपाकघरात निघून गेली. मला राग आला.

२२ मार्च

दुपारी हॉस्पिटलमधून एकटाच घरी आलो, तासाभरासाठी. मेहुणी तिथेच थांबली होती. माझी किल्ली तिच्याकडे राहिलेली. दाराशी उभा राहून स्वतःला शिव्या दिल्या आणि मग, कसं सुचलं देव जाणे, वाकून तुळशीजवळची कुंडी उचलली. किल्ली होती. नवी, चकचकीत, मुद्दाम करून घेतलेली.

आत आलो. चहा करावा म्हटलं. साखरेसाठी स्टूल ओढलं. दुधावर झाकण होतं. मीच ठेवलं असणार, सकाळी. मी, ज्याने जन्मात कशावर झाकण ठेवलं नाही. गुणगुणत होतो, असंही लक्षात आलं. काय गुणगुणतोय म्हणून थांबलो.

पातेल्यात दोन कप पाणी घातलं होतं, सवयीने.

पाण्याकडे बघत उभा राहिलो. एकच कप. एकच कप तो. भरतीचा शब्द म्हणालो होतो मी.

तिने माप दिलं नव्हतं. तिने गाणं दिलं होतं. ओट्याला टेकून, उरलेल्या आवाजातला पहिला आवाज खर्चून, ती मला सांगत होती की मी नसले तर तू दिवस कसा काढायचा. आणि मी काय केलं, तर वजन मोजलं. सगळ्यांना कळलं होतं. मेहुणीला कळलं, पातेलं घासता घासता. खुंटीला कळलं. फक्त ज्याच्यासाठी होतं त्या बैलाला कळलं नाही. मी ओट्याखाली फरशीवर बसलो आणि मोठ्याने रडलो. माझा आवाज किती वाईट आहे ते पुन्हा कळलं.

मग उठलो, आणि पुसल्याचं आठवलं.

खुंटीला फोन लावला. उचलेना. तसाच धावत सुटलो, अर्ध्या वाटेवरून परत आलो, गॅस बंद केला की नाही बघायला. केला होता. वळून मागे पाहत जा. मला रस्त्यातच हुंदका फुटला, एक बाई मुलाला घेऊन बाजूला झाली.

स्टुडिओत खुंटी बसलेला. मला बघूनच त्याचा चेहरा पडला.

"ती पहिली फेरी," मी म्हटलं. "डमी."

"तुम्ही पुसायला सांगितली होती."

"तू ठेवली असशील. कुठेतरी असेल. खुंट्या, असेल रे कुठेतरी."

"मी वहिनींना विचारलं," तो म्हणाला. "तुम्ही स्वेटर शोधत होता तेव्हा. डोळ्यांनीच विचारलं, पुसू का? त्यांनी मान हलवली. म्हणजे, हो. हसल्या पण. म्हणून पुसली मी. नसती पुसली हो, शपथेवर सांगतो."

सगळी मशिनं उघडून बघितली आम्ही. माझा फोन पुसलेलं परत आणून देणाऱ्या एका मुलीकडे दिला, तिने दोन दिवस मागितले.

२४ मार्च

फोनवाली नाही म्हणाली. म्हणजे आता ते गाणं जगात कुठेच नाही. या डायरीत शब्द आहेत, पण चाल लिहून ठेवायला मला स्वरलिपी येत नाही. चाल फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि तिच्या. ती म्हणू शकत नाही. मी म्हटलेलं कोणी ऐकू शकत नाही.

ती का हसली असेल? 'पुसा' म्हणताना?

आज आरशात पाहिलं. निळ्या शर्टाचं बटण खरंच तुटलंय. पोटाजवळचं.

२५ मार्च

मुद्दाम निळाच घालून गेलो.

वॉर्डात दुपारची सामसूम होती. शेजारच्या खाटेवरच्या आजी घोरत होत्या. मेहुणी बाहेर डबा धुवायला गेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या कानाशी गायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर. सूर कुठे, मी कुठे. 'किल्ली कुंडीखाली आहे' म्हटलं, तिने डोळे उघडले. तालात चुकलो, तर सलाइन नसलेल्या हाताने खाटेच्या दांड्यावर ठोके देऊन मला जागेवर आणलं. तशीच चिडते आहे, म्हटलं. बरं वाटलं. आजींचं घोरणं थांबलं.

'वळून मागे पाहत जा' इथवर आलो आणि पुढचं गेलं. डोक्यातून पार गेलं. घाबरलो. तीच एक प्रत होती जगात आणि ती माझ्या तोंडात फाटली. तिच्याकडे बघितलं. तिने हात उचलला, फार वेळ लागला उचलायला, आणि माझ्या शर्टाला लावला. पोटाजवळ. बटण नव्हतं तिथे बोट ठेवून दाबलं.

आठवलं. पार्किंगसुद्धा आठवलं.

ती ओळ म्हटली. मग शेवटची आली. ती मला म्हणवेना. मी म्हटलं:

दोन कपांचा चहा करावा, पाणी मोजुन टाकत जा

तिचे ठोके थांबले. माझा चेहरा बघत राहिली. मग तिने एक बोट वर केलं. एक. माझ्या ओळीत कोणी ढवळाढवळ केली की मी जसा रागावतो तशीच रागावली होती.

मी दोन बोटं दाखवली.

तिने पुन्हा एक.

मी पुन्हा दोन. तिचे डोळे भरले, माझे तर आधीच वाहत होते. मेहुणी डबा घेऊन दारात उभी होती, ती आत आली नाही. बराच वेळ आम्ही दोघं तसेच, लहान मुलं हट्टाला पेटावी तसे, एक आणि दोन करत बसलो. शेवटी तिने दांड्यावर ठोके दिले, ओळीची सुरुवात दाखवायला. एकदा तिच्या शब्दांनी म्हणून घेतली. मग थोडं थांबून, पुन्हा ठोके दिले, आणि मला माझ्या शब्दांनी म्हणू दिली.

गाठींचा रिपोर्ट गुरुवारी येणार आहे. मी घरी येऊन दोन्ही ओळी पुन्हा मोजून पाहिल्या. मापात दोन्ही बसतात.